आधुनिक कूटलेखनशास्त्राची पाठ्यपुस्तके : सिद्धांत आणि व्यवहार यांच्या संबंधाची चिकित्सा

गोषवारा

आधुनिक कूटलेखनशास्त्र, म्हणजेच क्रिप्टोग्राफी, हा विषय गणित, संगणकशास्त्र आणि अभियांत्रिकी यांच्या सीमेवर उभा आहे. या विषयाच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकांत स्थूलमानाने दोन परंपरा दिसतात. एक परंपरा कृती सांगते, तर दुसरी सिद्धता देते. प्रस्तुत लेखात या दोन्ही परंपरांतील प्रमुख ग्रंथांची चिकित्सा केली असून त्यासाठी आरएसए या सर्वपरिचित पद्धतीचे उदाहरण आधारास घेतले आहे. सुरक्षिततेची व्याख्या हाच सिद्धांत आणि व्यवहार यांना जोडणारा दुवा आहे, आणि तो वगळून केलेले अध्यापन विद्यार्थ्याच्या हाती केवळ अंकगणित देते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

१. प्रास्ताविक

गुप्तलेखन ही मराठी वाङ्मयाच्या इतिहासाला अपरिचित असलेली गोष्ट नव्हे. महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी यांसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. परिणामी प्राचीन मराठी गद्याचा मोठा ठेवा कित्येक शतके पंथाबाहेरील अभ्यासकांना अज्ञात राहिला. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केला आणि हा ठेवा अभ्यासकांना खुला होण्याचा मार्ग मोकळा झाला. वाङ्मयाच्या अभ्यासकासाठी ही आनंदाची घटना होय. कूटलेखनाच्या अभ्यासकासाठी मात्र तीत एक इशारा आहे. ज्या पद्धतीची सर्व गुप्तता लिपीच्या रचनेवरच अवलंबून असते, त्या पद्धतीत ती रचना एकदा उमगली की त्या लिपीतील सर्व पोथ्या एकाच वेळी उघड्या पडतात.

हाच विचार ऑगस्त केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्ये लष्करी कूटलेखनावरील आपल्या फ्रेंच लेखात तत्त्वरूपाने मांडला. पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये, गुप्त राहावयाची ती केवळ किल्ली, असे हे तत्त्व आहे. आधुनिक कूटलेखनशास्त्राची सर्व उभारणी या तत्त्वावर झालेली आहे. म्हणूनच या शास्त्रातील पद्धती ग्रंथांतून, शोधनिबंधांतून आणि शासकीय मानकांतून खुलेपणाने प्रसिद्ध होतात आणि महाविद्यालयाच्या वर्गात शिकवताही येतात.

आज हा विषय केवळ तज्ज्ञांपुरता राहिलेला नाही. भारताच्या माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधील तिसऱ्या कलमात इलेक्ट्रॉनिक अभिलेखाच्या अधिप्रमाणनासाठी असममित कूटप्रणाली आणि हॅश फलन यांचा प्रत्यक्ष उल्लेख आहे. गणितातील एक संकल्पना अशा रीतीने कायद्याच्या भाषेत आली आहे. अशा विषयाचे अध्यापन कोणत्या ग्रंथांच्या आधारे आणि कोणत्या दृष्टीने व्हावे, हा प्रश्न संगणकशास्त्र विभागाच्या चार भिंतींत मावणारा नाही. कूटलेखनाच्या अपुऱ्या शिक्षणाची किंमत तो विषय शिकलेल्या विद्यार्थ्यापेक्षा त्याने घडविलेल्या प्रणालीवर विसंबणाऱ्या अनभिज्ञ नागरिकाला मोजावी लागते.

२. वर्गातील आरएसए

व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांच्या १९७६ मधील शोधनिबंधाने सार्वजनिक किल्लीची कल्पना खुल्या अभ्यासविश्वात आणली. रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी १९७७ मध्ये शोधलेली आणि १९७८ मध्ये निबंधरूपाने प्रसिद्ध केलेली आरएसए पद्धत ही त्या कल्पनेची पहिली समर्थ मांडणी ठरली. ब्रिटिश सरकारच्या जीसीएचक्यू या संस्थेत एलिस, कॉक्स आणि विल्यमसन यांनी तत्पूर्वीच हे विचार गुप्तपणे मांडले होते, ही बाब १९९७ मध्ये उघड झाली. परंतु शास्त्राची वाढ झाली ती प्रसिद्ध झालेल्या निबंधांतून.

आरएसएचे वर्गातील रूप सर्वांच्या परिचयाचे आहे. दोन मूळ संख्या घ्याव्यात, उदाहरणार्थ ३ आणि ११. त्यांचा गुणाकार ३३ येतो. प्रत्येकीतून एक वजा करून केलेला गुणाकार २० येतो. सार्वजनिक घातांक ३ घेतला तर खाजगी घातांक ७ मिळतो, कारण ३ आणि ७ यांच्या गुणाकाराला, म्हणजे २१ ला, २० ने भागल्यास बाकी १ उरते. संदेश ४ असेल तर त्याचा घन ६४ होतो. त्याला ३३ ने भागल्यावर उरणारी बाकी ३१ हा कूटसंदेश होय. ३१ चा सातवा घात करून ३३ ने भागल्यास बाकी पुन्हा ४ येते. उदाहरण सुटते, गुण मिळतात आणि विद्यार्थ्याची समजूत होते की संख्या पुरेशा मोठ्या घेतल्या की संदेश सुरक्षित झाला.

ही समजूत चुकीची आहे, आणि तिची चूक याच छोट्या उदाहरणात दाखविता येते. समजा, कूटसंदेशात केवळ ‘उत्तीर्ण’ किंवा ‘अनुत्तीर्ण’ यांपैकी एकच शब्द असणार आहे. सार्वजनिक किल्ली सर्वांना ठाऊक असल्याने हल्लेखोर दोन्ही शब्दांचे कूटलेखन स्वतःच करून पाहतो आणि हाती आलेल्या कूटसंदेशाशी ताडून पाहतो. मूळ संख्या शेकडो अंकी असल्या तरी येथे त्यांचा काही उपयोग होत नाही. एकाच संदेशाचा कूटसंदेश प्रत्येक वेळी तोच येतो, एवढा एक दोष पुरेसा ठरतो.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. वरील उदाहरणातील ४ ही निविदेतील रक्कम आहे असे मानू. हल्लेखोराला ती ठाऊक नाही. त्याने कूटसंदेश ३१ घेतला, त्याला २ च्या घनाने म्हणजे ८ ने गुणले आणि ३३ ने भागून उरलेली बाकी १७ पुढे पाठवली. उकल करणाऱ्यास त्यातून ८ मिळतील, म्हणजे मूळ रकमेच्या नेमके दुप्पट. रक्कम न वाचताच ती बदलली गेली. तिसरा दोष घातांकाचा आहे. संदेश ३ असेल तर त्याचा घन २७ हा ३३ पेक्षा लहान असल्याने भागाकाराचा प्रश्नच उद्भवत नाही. साधे घनमूळ काढले की संदेश हाती येतो. लहान घातांक आणि लहान संदेश यांची सांगड पडल्यास प्रचंड संख्यांच्या बाबतीतही हेच घडते.

या तिन्ही हल्ल्यांत कोणीही ३३ चे अवयव पाडलेले नाहीत. ‘अवयव पाडणे कठीण, म्हणून आरएसए सुरक्षित’ हे वर्गात उच्चारले जाणारे विधान त्यामुळे अपुरे ठरते. कशापासून सुरक्षित आणि कोणासमोर सुरक्षित, हे त्या विधानात सांगितलेलेच नाही.

३. कृती सांगणारी परंपरा

पाठ्यपुस्तकांकडे वळल्यास प्रथम विचार करावा लागतो तो ब्रूस श्नायर यांच्या ‘अप्लाइड क्रिप्टोग्राफी’ या ग्रंथाचा. त्याची दुसरी आवृत्ती १९९६ मध्ये निघाली. ज्या काळात या विषयावरील माहिती शोधनिबंधांत आणि परिषदांच्या वृत्तांतांत विखुरलेली होती, त्या काळात या ग्रंथाने ती एकत्र आणली. नाना प्रकारच्या पद्धती, त्यांचे इतिहास, त्यांच्या वापराचे शिष्टाचार आणि सी भाषेतील आज्ञावली असा त्याचा विस्तार आहे. एका पिढीतील संगणक अभियंत्यांना या विषयाची गोडी त्यानेच लावली, हे श्रेय त्याला दिलेच पाहिजे.

तथापि ग्रंथाचे सामर्थ्य हीच त्याची मर्यादाही ठरली. पाकक्रियेच्या पुस्तकाप्रमाणे त्यातून हवी ती कृती उचलता येते. परंतु कोणती पद्धत कोणत्या पद्धतीसोबत जोडल्यास एकूण प्रणाली सुरक्षित राहते, याचे उत्तर कृतींच्या संग्रहातून मिळत नाही. या मर्यादेची सर्वांत प्रामाणिक चिकित्सा स्वतः लेखकानेच केली. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सीक्रेट्स अँड लाइज’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत आपल्या पूर्वीच्या ग्रंथाने गणितावर नको तितका विश्वास ठेवायला शिकवले, अशा आशयाची कबुली श्नायर देतात. पुढे २००३ मध्ये नील्स फर्ग्युसन यांच्यासह लिहिलेल्या ‘प्रॅक्टिकल क्रिप्टोग्राफी’ मध्ये त्यांनी पर्यायांची संख्या जाणीवपूर्वक कमी केली आणि प्रत्यक्ष रचनेतील निर्णयांवर भर दिला. तदायोशी कोनो यांच्या सहभागाने त्याचीच सुधारित आवृत्ती २०१० मध्ये ‘क्रिप्टोग्राफी इंजिनिअरिंग’ या नावाने निघाली. लेखकाने आपल्याच लोकप्रिय ग्रंथाविरुद्ध पुढील ग्रंथ लिहावेत, ही बाब या परंपरेच्या प्रकृतीविषयी बरेच काही सांगून जाते.

याच काळातील मेनेझेस, व्हॅन ओरशॉट आणि व्हॅनस्टोन यांचा ‘हँडबुक ऑफ अप्लाइड क्रिप्टोग्राफी’ हा ग्रंथ अधिक शिस्तबद्ध आहे. अचूक व्याख्या, क्रमवार मांडलेल्या रीती आणि संदर्भांची विपुलता यांमुळे तो आजही हाताशी ठेवण्याजोगा आहे. परंतु तो संदर्भग्रंथ आहे. नवशिक्या विद्यार्थ्याने तो आरंभापासून वाचू लागावे अशी त्याची घडणच नाही.

डग्लस स्टिन्सन यांच्या १९९५ मधील ग्रंथाचे नावच ‘क्रिप्टोग्राफी : थिअरी अँड प्रॅक्टिस’ असे आहे. प्राचीन पद्धती आणि त्यांचे भेदन, त्यानंतर शॅनन यांचा सिद्धांत, मग डीईएस आणि नंतर आरएसए, हा त्याचा क्रम अनेक अभ्यासक्रमांनी स्वीकारलेला दिसतो. गणिताच्या शिक्षकाला हा ग्रंथ विशेष सोयीचा वाटतो, कारण त्यातील मांडणी नेटकी आणि उदाहरणे पडताळून पाहता येण्याजोगी आहेत. मात्र शीर्षकातील ‘व्यवहार’ या शब्दाचा अर्थ येथे प्रामुख्याने ‘प्रत्यक्ष वापरातील पद्धतींचे गणिती वर्णन’ इतकाच राहतो. पुढील आवृत्त्यांत सुरक्षिततेच्या आधुनिक व्याख्यांना जागा मिळाली आहे. तरीही पहिल्या आवृत्तीचा सांगाडा ज्यांनी अभ्यासक्रमात उतरवला, त्यांच्याकडे तो सांगाडा राहिला आणि आवृत्त्यांतील सुधारणा मागे पडण्याचा धोका उरला.

४. व्याख्येपासून आरंभ करणारी परंपरा

सुरक्षितता म्हणजे काय, हा प्रश्न गणिती काटेकोरपणाने प्रथम विचारला तो क्लॉड शॅनन यांनी, १९४९ मधील आपल्या निबंधात. कूटसंदेश हाती आल्यानंतरही मूळ संदेशाविषयीचे हल्लेखोराचे ज्ञान तसूभरही वाढू नये, ही त्यांची परिपूर्ण गोपनीयतेची कल्पना होय. ती साध्य करता येते, परंतु त्यासाठी किल्ली संदेशाइतकी लांब, यादृच्छिक आणि एकदाच वापरावयाची असावी लागते. व्यवहारात ही अट बहुधा परवडत नाही.

शफी गोल्डवासर आणि सिल्विओ मिकाली यांनी १९८२ मध्ये या व्याख्येला व्यवहार्य रूप दिले. हल्लेखोराजवळ अमर्याद सामर्थ्य आहे असे न मानता त्याची गणनक्षमता मर्यादित आहे असे मानावे, आणि अशा हल्लेखोराला कूटसंदेशावरून मूळ संदेशाविषयी उपयुक्त असे काहीही कळू नये, अशी अट घालावी. दोन संदेश हल्लेखोरानेच निवडावेत, त्यांपैकी एकाचा कूटसंदेश त्याला द्यावा, आणि तो कोणाचा हे त्याला नुसत्या अंदाजापेक्षा बरे सांगता येऊ नये, अशी या व्याख्येची समतुल्य आणि सुबोध मांडणी आहे. ‘उत्तीर्ण-अनुत्तीर्ण’ या उदाहरणाला ती लावून पाहिल्यास वर्गातील आरएसए तत्काळ नापास होते. ज्या पद्धतीत कूटलेखन करताना यादृच्छिकतेचा अंशच नाही अशी कोणतीही सार्वजनिक किल्लीची पद्धत या कसोटीस उतरू शकत नाही, हा निष्कर्ष विद्यार्थ्याला दोन ओळींत सिद्ध करता येतो. या कार्याच्या मूलगामित्वाची दखल २०१२ च्या ट्युरिंग पुरस्काराने घेतली गेली.

या परंपरेचा सर्वांत सखोल ग्रंथ म्हणजे ओडेड गोल्डराइख यांचा दोन खंडांतील ‘फाउंडेशन्स ऑफ क्रिप्टोग्राफी’. त्याचे खंड २००१ आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. संकल्पनांची मुळे शोधणाऱ्या संशोधकाला तो अपरिहार्य आहे. परंतु पदवी वर्गातील विद्यार्थ्याला त्यातून प्रत्यक्ष वापरातील पद्धतींपर्यंत पोहोचणे कठीण जाते. ही पोकळी जोनाथन कॅट्झ आणि येहुदा लिंडेल यांच्या २००७ मधील ‘इंट्रोडक्शन टू मॉडर्न क्रिप्टोग्राफी’ या पाठ्यपुस्तकाने बऱ्याच अंशी भरून काढली. नेमक्या व्याख्या, स्पष्टपणे सांगितलेली गृहीतके आणि काटेकोर सिद्धता, ही आधुनिक कूटलेखनशास्त्राची तीन लक्षणे हे पुस्तक आरंभीच सांगते आणि शेवटपर्यंत पाळते. आरएसएच्या वर्गातील रूपाला ते स्वतंत्र नाव देते, ते असुरक्षित असल्याचे दाखवून देते आणि मगच योग्य रूपाकडे वळते. संख्याशास्त्रीय पार्श्वभूमीही पुस्तकाचा बराचसा भाग संपल्यानंतरच येते. त्यामुळे कूटलेखन म्हणजे मूळ संख्यांचे गणित, हा समज आपोआपच सुटतो.

५. सिद्धतेच्या मर्यादा

येथवरच्या विवेचनावरून दुसरी परंपरा निर्दोष आहे असा ग्रह होण्याचा संभव आहे. तो योग्य ठरणार नाही. आरएसएच्या प्रत्यक्ष वापराचा इतिहास या बाबतीत उद्बोधक आहे.

वर उल्लेखिलेले दोष टाळण्यासाठी व्यवहारात संदेशाला काही यादृच्छिक भर जोडली जाते. तिला पॅडिंग म्हणतात. पीकेसीएस क्रमांक १ या मानकातील जुनी रचना याच प्रकारची होती. डॅनियल ब्लाइकेनबाखर यांनी १९९८ मध्ये तिच्यावरील हल्ला प्रसिद्ध केला. हल्लेखोर हाती आलेल्या कूटसंदेशाला निवडक संख्यांच्या घाताने गुणतो आणि तो सर्व्हरकडे पाठवतो. उकललेल्या संदेशाची रचना मानकाप्रमाणे आहे की नाही, एवढेच सर्व्हर आपल्या उत्तरातून नकळत सांगतो. अशी सुमारे दहा लाख उत्तरे गोळा करून मूळ संदेश काढता येतो. निविदेची रक्कम दुप्पट करणारा जो गुणधर्म ३३ च्या उदाहरणात दिसला, तोच येथे शस्त्र झाला आहे. वर्गातील उदाहरण आणि प्रत्यक्षातील हल्ला यांच्यातील हे नाते शिक्षकाने दाखवून दिले नाही, तर दोहोंचेही मर्म विद्यार्थ्याच्या हातून निसटते.

यावरील उपाय म्हणून ओएईपी ही रचना पुढे आली. मिहिर बेलारे आणि फिलिप रोगवे यांनी ती १९९४ मध्ये सिद्धतेसह मांडली होती. परंतु तिच्या सिद्धतेत एक उणीव असल्याचे व्हिक्टर शूप यांनी पुढे दाखवून दिले. आरएसएपुरती ती उणीव भरून काढणारी नवी सिद्धता फुजिसाकी, ओकामोतो, प्वँशेवाल आणि स्टर्न यांनी २००१ मध्ये दिली. त्याच वर्षी जेम्स मँगर यांनी दाखवले की उकल करताना होणाऱ्या दोन प्रकारच्या चुकांतील फरक बाहेरून ओळखता आला, तर ओएईपीचेही भेदन करता येते. सिद्धता खोटी नव्हती. मात्र तिने गृहीत धरलेली प्रणाली कोणती चूक झाली हे सांगत नसे, आणि प्रत्यक्षातील प्रणाली ते सांगू शकत होती.

नील कॉब्लिट्झ आणि आल्फ्रेड मेनेझेस यांनी ‘सिद्ध सुरक्षितता’ या संकल्पनेवर केलेली टीका या संदर्भात वाचनीय आहे. ‘सिद्धता’ हा शब्द वाचकाच्या मनात पूर्ण खात्री निर्माण करतो, पण प्रत्यक्षात ती सशर्त असते, हा त्यांच्या टीकेचा गाभा आहे. या टीकेला त्या क्षेत्रातून तीव्र प्रत्युत्तरेही मिळाली. दोन्ही बाजूंचा विचार करता असे म्हणावे लागते की टीकेचा रोख सिद्धतेवर असण्यापेक्षा तिच्या निष्काळजी वाचनावर असणे अधिक युक्त ठरते. ओएईपीची उणीव सापडली ती व्याख्या आणि सिद्धता काटेकोरपणे लिहिलेल्या होत्या म्हणूनच. जी पद्धत कोणतेही वचन देत नाही, तिचा वचनभंगही दाखविता येत नाही.

६. व्यवहाराचे साक्षीपुरावे

प्रत्यक्षातील काही प्रसंग सिद्धांताच्या कक्षेबाहेरचे वाटतात, पण तसे ते नाहीत. डेबियन या संगणक प्रणालीच्या ओपनएसएसएल संचात २००६ मध्ये झालेल्या एका लहानशा बदलामुळे यादृच्छिक संख्यांचा स्रोत जवळजवळ आटला. ही चूक २००८ च्या मे महिन्यात उघडकीस आली. मधल्या काळात या प्रणालीवर तयार झालेल्या एकाच प्रकारच्या आणि लांबीच्या किल्ल्यांसाठी शक्यता उरल्या होत्या जेमतेम ३२,७६८. सर्व शक्यता तपासून पाहणे साध्या संगणकालाही सहज शक्य होते. किल्लीची लांबी कागदावर पूर्वीइतकीच होती, परंतु ‘किल्ली यादृच्छिक निवडावी’ हे प्रत्येक सिद्धतेच्या पहिल्या ओळीतील गृहीतक मोडले होते.

२०१२ मध्ये नादिया हेनिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंटरनेटवरील सार्वजनिक किल्ल्या मोठ्या प्रमाणावर गोळा करून त्यांची परस्पर तुलना केली. टीएलएस वापरणाऱ्या यंत्रांपैकी ०.५ टक्के यंत्रांच्या आरएसए खाजगी किल्ल्या त्यांना काढता आल्या. दोन यंत्रांनी अपुऱ्या यादृच्छिकतेमुळे एक मूळ संख्या सामायिक निवडली असेल, तर त्यांच्या सार्वजनिक संख्यांचा महत्तम साधारण विभाजक काढला की ती हाती येते. यासाठी लागणारी रीत म्हणजे शाळेत शिकवला जाणारा युक्लिडचा भागाकार होय. अवयव पाडणे कठीण आहे हे येथेही खरेच राहिले. मात्र ते पाडण्याची गरजच पडली नाही.

ब्लाइकेनबाखर यांच्या हल्ल्याची कथाही १९९८ मध्ये संपली नाही. बोक, सोमोरोव्स्की आणि यंग यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की नामांकित उत्पादनांत तोच दोष जवळपास दोन दशकांनंतरही शिल्लक होता. शोधनिबंध प्रसिद्ध होते, ग्रंथ उपलब्ध होते, मानके सुधारली गेली होती. तरीही प्रणाली लिहिणाऱ्यांपर्यंत त्या ज्ञानातील कारणमीमांसा पोहोचली नाही. हे अपयश गणिताचे म्हणता येणार नाही. त्यात शिक्षणाचा वाटा मोठा आहे.

७. अध्यापनाची दिशा

वरील चिकित्सेवरून अध्यापनासाठी काही गोष्टी सुचतात. पहिली गोष्ट म्हणजे प्रत्येक पद्धत शिकविताना चार प्रश्न विचारले जावेत. ही पद्धत कोणते वचन देते? कोणत्या सामर्थ्याच्या हल्लेखोरासमोर देते? कोणत्या गृहीतकावर देते? आणि प्रत्यक्ष प्रणालीत ते गृहीतक कोठे मोडू शकते? यांपैकी पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे कॅट्झ आणि लिंडेल यांच्या परंपरेतून मिळतात, तर चौथ्याचे उत्तर फर्ग्युसन आणि श्नायर यांच्या परंपरेतून. म्हणून एकाच पाठ्यपुस्तकावर विसंबण्यापेक्षा या दोन प्रकारच्या पुस्तकांची जोडी नेमणे श्रेयस्कर ठरेल.

दुसरी गोष्ट म्हणजे भेदनाचा अनुभव. विद्यार्थ्याने स्वतः रचलेली सदोष प्रणाली स्वतःच मोडून पाहिल्याशिवाय व्याख्येची गरज त्याला पटत नाही. ‘क्रिप्टोपाल्स’ या नावाने सर्वांना मुक्तपणे उपलब्ध असलेली प्रश्नमाला याच तत्त्वावर रचलेली आहे. तिच्यात पॅडिंगवरील हल्ले विद्यार्थ्याला स्वतः लिहून पाहावे लागतात. महाविद्यालयीन प्रयोगशाळेत त्यासाठी महागड्या सामग्रीची आवश्यकता नाही. मात्र या प्रयोगांसोबतच एक शिस्तही शिकविली पाहिजे. अभ्यासासाठी लिहिलेली आज्ञावली प्रत्यक्ष वापरासाठी कधीही देऊ नये. तेथे अनेकांनी तपासलेली, मानकांनुसार असलेली ग्रंथालये वापरावीत.

तिसरी गोष्ट परीक्षेची. ‘मूळ संख्या दिल्या असता खाजगी किल्ली काढा’ हा प्रश्न वगळण्याचे कारण नाही, पण तो एकटा पुरेसा नाही. ‘पुढील कूटसंदेशातील रक्कम न वाचता ती दुप्पट करून दाखवा आणि कोणती व्याख्या भंगली ते सांगा’ असा प्रश्न त्याला जोडता येईल. अंकगणित तेच राहते, परंतु विद्यार्थ्याला विचार करावा लागतो तो सुरक्षिततेचा.

अशा अध्यापनाविरुद्ध एक आक्षेप संभवतो. पदवी वर्गातील विद्यार्थ्याला व्याख्या आणि सिद्धता झेपणार नाहीत, त्याला रोजगारासाठी वापर शिकवणे पुरे, असे म्हटले जाऊ शकते. हा आक्षेप सहानुभूतीने ऐकला पाहिजे, कारण तासिकांची मर्यादा आणि विद्यार्थ्यांची असमान पूर्वतयारी या खऱ्या अडचणी आहेत. परंतु दोन संदेशांपैकी कोणता हे ओळखण्याच्या खेळासारखी व्याख्या कळण्यासाठी मोठ्या गणिताची गरज लागत नाही. उलट मोठ्या संख्यांचे घात करण्यापेक्षा ती सोपी आहे. रोजगाराचा मुद्दाही याच दिशेने जातो. पीटर शोर यांनी १९९४ मध्ये दाखवले की पुरेसा समर्थ क्वांटम संगणक अस्तित्वात आल्यास आरएसएचा पाया ढासळेल. त्या शक्यतेच्या तयारीसाठी अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये नव्या पद्धतींची पहिली मानके प्रसिद्ध केली. या निवडप्रक्रियेत विचाराधीन असलेली एसआयकेई ही पद्धत २०२२ मध्ये सामान्य संगणकावर सुमारे तासाभरात मोडली गेली. पद्धती अशा येतात आणि जातात. परंतु नव्या मानकांतील किल्ली-विनिमयाची पद्धत ज्या व्याख्येवर पारखली गेली, ती सर्व्हरला प्रश्न विचारू शकणाऱ्या हल्लेखोराची व्याख्याच आहे. आरएसएची कृती पाठ केलेल्या विद्यार्थ्याला येथे सर्व पुन्हा शिकावे लागेल. व्याख्या शिकलेल्याला केवळ नवे गणित शिकावे लागेल.

८. समारोप

आधुनिक कूटलेखनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतील दोन परंपरा परस्परांच्या विरोधी नाहीत, त्या परस्परांवाचून अपुऱ्या आहेत. कृती सांगणारा ग्रंथ ‘काय करावे’ हे सांगतो, पण ते पुरेसे का, हे सांगत नाही. सिद्धता देणारा ग्रंथ ‘का’ याचे उत्तर देतो, परंतु त्याच्या कागदावरील यंत्र आणि खोलीतील यंत्र एकच आहे की नाही, हे तपासण्याचे काम वाचकावर सोडतो. या दोहोंना जोडणारा दुवा सुरक्षिततेची व्याख्या हा आहे. सिद्धता तिच्यापासून सुरू होते, आणि व्यवहारातील प्रत्येक अपयश तिच्याच आधारे ओळखता येते.

३ आणि ११ या संख्यांचे उदाहरण यापुढेही फळ्यावर लिहिले जाईल, आणि ते लिहिलेही जावे. मात्र उत्तर मिळाल्यानंतर फळा पुसण्यापूर्वी शिक्षकाने आणखी काही मिनिटे द्यावीत आणि ३१ चे १७ करून दाखवावेत. सार्वजनिक किल्लीच्या शास्त्राने गेल्या अर्धशतकात कोणत्या चुकांतून काय शिकले, त्याचा बराचसा भाग त्या एका पायरीत आलेला आहे.